खळ्यातून रस्त्यावर उतरायला काँक्रीटच्या पायऱ्या: घरच्या घरी जमतील का?

रातांबा (धागा)

नमस्कार मंडळी,

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून तीनेक किलोमीटर आत, उतारावर आहे. खळं (घरापुढचं अंगण) वर, रस्ता खाली. मधल्या उतारावर आजोबांनी जांभ्याचे चिरे मातीत रोवून पायऱ्या केल्या होत्या. त्यातले निम्मे आता डुगडुगतात, आणि दोन चिरे गेल्या श्रावणात पावसाने थेट रस्त्यावर नेऊन टाकले.

आई 76 वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात ती या पायऱ्यांवर दोनदा घसरली, दुसऱ्या खेपेला मनगट मोडलं. एरवी रोज सकाळी देवळात जाणारी बाई, आता पाऊस लागला की चार महिने खळ्याच्या टोकाशी उभी राहून रस्त्यावरच्या माणसांशी बोलते. मला ते बघवत नाही.

गवंडी मिळत नाहीयेत. ज्यांना विचारलं ते सगळे मेअखेरपर्यंत दुसऱ्या कामांत अडकलेत. म्हणून मी आणि भाऊ मिळून हे काम करायचं ठरवतोय. भावाने पूर्वी गोठ्याचा कोबा स्वतः केला आहे, मला हिशोब आणि मापं जमतात. पाण्याच्या नळीने लेव्हल काढली: खळ्यापासून रस्त्यापर्यंत उंची 135 सेंमी, आडवं अंतर 270 सेंमी. रुंदी 120 सेंमी धरतोय. खालच्या अर्ध्या भागात कातळ उघडा आहे, वरचा भाग भरावाचा.

काँक्रीट करावं की पुन्हा चिरेच बसवावेत? पायऱ्या किती आणि कशा मापाच्या? सळया घालायच्या का? मिरगाच्या आधी सगळं पक्कं व्हायला हवं.

काजूगर

नक्की जमेल. गच्चीचा स्लॅब असता तर मी नको म्हटलं असतं, पण जमिनीवर बसणाऱ्या नऊ-दहा पायऱ्या दोन माणसांना जमतात. घाई करू नका, एवढंच.

वेंगुर्ल्याचो

गे बाय, सिमेंट नंतर. आधी पाणी खयसून येता आणि खय जाता ता बघ. पयल्या पावसात छत्री घेवन खळ्यात उभी रव. पाणी आपणच वाट दाखयता. ती वाट अडवलंस तर पायरी रवाची नाय.

रातांबा

काका, पहिल्या पावसापर्यंत थांबले तर काम पुढच्या वर्षावर जाईल. आत्ता मार्चमध्ये कसं बघू?

वेंगुर्ल्याचो

मातयेत ओघळ दिसतले. बारीक खडे जय गोळा झालेत थय पाणी थांबता. जय माती खरवडून कातळ दिसता थय ता जोरान धावता. नायतर चार कळश्या वत आणि बघ.

ओळंबा

मी गवंडी आहे, तीस वर्षं झाली या कामात. दापोलीकडे असतो. ताई, वरच्या काकांनी जे सांगितलं ते आधी करा. मी जेवढ्या मोडलेल्या पायऱ्या उकरल्या, त्यातल्या बहुतेक माल कमी पडला म्हणून मोडलेल्या नव्हत्या. वरचं पाणी पायरीच्या पाठीमागून आत शिरलं, भराव धुऊन गेला, पायरी पोकळीवर राहिली आणि कोणाच्या तरी पावलाने बसली.

म्हणून सर्वात वरच्या पायरीच्या आधी, खळ्याच्या कडेला, आडवी नाली काढा. वीतभर रुंद, चार बोटं खोल, उतार एका बाजूला. खळ्याचं पाणी पायऱ्यांवर येताच कामा नये. ते नालीतून बाजूच्या पाटात जाऊ दे आणि पाट पायऱ्यांच्या कडेने खाली रस्त्याच्या गटाराला मिळू दे. पायऱ्यांवर फक्त आभाळातून पडेल तेवढंच पाणी असावं.

भराव किती खोल आहे ते पहारीने ठोकून बघा. घट्ट मुरूम लागेपर्यंत खणायचं. अर्धवट भरावावर पायरी ओतू नका.

सागवेळ

मापांचं मी सांगते. माझं शिक्षण स्थापत्यातलं, नोकरी आता वेगळी आहे, पण हे विसरलेले नाही.

पायरी चालायला सोपी व्हावी म्हणून जुना आडाखा असा: दोन चढ अधिक एक रुंदी मिळून 60 ते 64 सेंमी. माणसाच्या एका पावलाच्या अंतरावरून हे आलेलं आहे. तुमची उंची 135. नऊ चढ केले तर प्रत्येक चढ बरोबर 15 सेंमी. नऊ चढ म्हणजे मधल्या पायऱ्या आठ, कारण नववा चढ खळ्यालाच मिळतो. आठ पायऱ्या 33 सेंमी रुंद केल्या तर 264 सेंमी, तुमच्या 270 मध्ये बसतात. आता 15 + 15 + 33 = 63. आईंसाठी अगदी योग्य माप. यापेक्षा उंच चढ करू नका, जागा असताना तर अजिबात नको.

प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला थोडा उतार द्या, साधारण 50 ला 1. फुटाला सहा मिमी होतात. युक्ती अशी: फूटभर लांबीच्या लेव्हलच्या पुढच्या टोकाखाली 6 मिमीची सळई आडवी ठेवायची आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत पायरी घासायची.

होडी

सागवेळ, मापांत एक भर घालतो. ही उंची *तयार* पृष्ठभागापासून मोजायला हवी. आमच्या घरी सगळ्या पायऱ्या 16 सेंमीच्या नेमक्या केल्या. मग खळ्यात फरशी बसवली, वरचा चढ वाढला. दोन वर्षांनी रस्त्याचं डांबरीकरण झालं, रस्ता वर आला, खालचा चढ 9 सेंमी उरला. मधल्या पायऱ्यांवर कोणी अडखळत नाही. पहिल्या आणि शेवटच्या पायरीवर घरात येणारा प्रत्येक पाहुणा अडखळतो. पायाला चढ कळलेला असतो, डोळे खाली नसतात, आणि नेमकी तिथेच फसगत होते. माझे सासरे असेच पडले.

ताई, खळ्यात पुढे फरशी किंवा कोबा करायचा विचार असेल तर त्याची जाडी आत्ताच धरा.

रातांबा

होडी, हे लक्षातच आलं नव्हतं. खळं शेणाने सारवतो आणि तसंच ठेवणार आहोत. पण रस्ता मात्र यंदा नवीन होणार असं गावात बोललं जातंय.

होडी

मग आधी रस्ता होऊ दे, किंवा खालची पायरी शेवटी करा. थांबणं शक्य नसेल तर खालचा चढ 18 पर्यंत ठेवून पुढे रस्ता वर आला की तो 15 होईल, असंही करता येईल.

सागवेळ

नको, होडी. 18 चा एक चढ आईंना आजपासून रोज त्रास देईल आणि रस्ता नक्की किती वर येईल ते कोणाच्या हातात नाही. सगळे 15 ठेवा. रस्ता वर आला तर सर्वात खालची पायरी फोडून पुन्हा करता येते, म्हणून तेवढी एकच वेगळी ओता, तिच्या आणि वरच्या पायरीच्या मध्ये डांबरी कागद घाला.

होडी

हे बरं. माझी सूचना मागे घेतो.

देवगडहून

सळया घाला ताई, 8 मिमीच्या, 15 सेंमीवर जाळी. कोकणातला पाऊस साधा नाही. माझ्या भावाने बिनसळईचे ओतले, दुसऱ्या वर्षी मधोमध तडा.

सागवेळ

देवगडहून, इथे मी उलट सांगेन. आयएस 456 (काँक्रीटचं भारतीय मानक, 2000 सालचं) समुद्राजवळची हवा आणि आळीपाळीने भिजणं-सुकणं याला 'तीव्र' वर्गात घालतं. त्या वर्गात साध्या काँक्रीटला किमान एम 20 (ताकदीचा दर्जा, आकडा मोठा तितकं मजबूत) चालतं, पण सळई घातली की किमान एम 30 लागतं आणि पाण्याचं प्रमाणही आणखी कमी करावं लागतं. हाताने कालवून एम 30 साधणं कठीण. मातीला लागून असलेल्या बाजूला सळईवर 5 सेंमी काँक्रीट राहायला हवं. घरच्या कामात सळई खाली दबते, मातीला टेकते आणि खारी हवा आपलं काम सुरू करते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो.

तुमच्या भावाचा तडा भराव बसल्यामुळे गेला असेल, सळई नव्हती म्हणून नव्हे. खाली कातळ किंवा ठोकलेलं डबर असेल तर साधं एम 20 पुरतं.

देवगडहून

भराव होता हे खरं आहे. पण सळई असती तर तडा रुंदावला नसता, एवढं तरी मान्य करा.

ओळंबा

दोघांचंही बरोबर आहे. मी काय करतो ते सांगतो. खाली कातळ असेल तिथे सळई घालत नाही. भराव असेल तिथे भराव काढूनच टाकतो, 15 सेंमी डबर हातोडीने ठोकून बसवतो, फटींत चुरी भरून पाणी मारून चोपतो. भराव काढणं शक्यच नसेल, तेव्हाच सळई, आणि तीही कव्हरचे ठोकळे (सळई मातीपासून वर धरणारे) खाली लावून. ताईंकडे सळईची गरज दिसत नाही. पायथ्याशी मात्र कातळात चर खोदून एक ठोकळा ओता, दीड फूट रुंद, दीड फूट खोल. सगळ्या पायऱ्या त्याच्यावर टेकतात, खाली सरकत नाहीत.

पोफळीच्या बागेतून

वाळूबद्दल कोणी बोललं नाही. कृपा करून पुळणीची वाळू आणू नका. आमच्या शेजाऱ्यांनी दोन हातगाड्या भरून आणली, फुकट मिळाली म्हणून. मीठ तर असतंच, शिंपल्यांचे तुकडे असतात, आणि दाणा सगळा एकाच मापाचा, बारीक. तीन पावसाळ्यांत त्यांच्या पायऱ्यांची वरची कातडी भुसभुशीत होऊन हाताने खरवडून निघायला लागली. शिवाय सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमांप्रमाणे किनाऱ्यावरची वाळू उपसायला बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे. पुळण गेली की माडांची मुळं उघडी पडतात, हे आम्ही डोळ्यांनी बघतोय.

खाडीची रेती म्हणून जी मिळते तीही चव घेऊन बघा. खरंच जिभेवर ठेवून बघा. मी क्रशरची धुतलेली वाळू वापरली, चार पैसे जास्त गेले पण चिंता गेली.

मीठगर

+१. पाण्याचंही तेच. विहिरीचं पाणी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होत असेल तर मालाला वापरू नका. जे पाणी आपण पितो ते मालाला चालतं, एवढं साधं धोरण ठेवा.

खळ्यातली

अवांतर: चिऱ्याच्या पायऱ्यांवरून आठवलं. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात दोन गडग्यांमधून खाली उतरणारी जांभ्याची पाखाडी आहे. पायऱ्या बुटक्या आणि इतक्या रुंद की एका पायरीवर दोन पावलं पडतात. लहानपणी कळायचं नाही की एवढी जागा का वाया घालवली. मग एकदा आत्याला डोक्यावर भाताचा भारा घेऊन उतरताना बघितलं. खाली न बघता, एका लयीत, प्रत्येक पायरीवर डावं-उजवं, डावं-उजवं. प्रत्येक नव्या पायरीवर तोच पाय पडत होता. ओझं घेऊन चालणाऱ्या माणसासाठी आणि गुरांसाठी केलेल्या पायऱ्या होत्या त्या.

आता त्यावर सिमेंट ओतून मोटरसायकल जाईल असा उतार केलाय. म्हाताऱ्या माणसांना पावसात त्यावरून उतरता येत नाही.

चिरेबंदी

खळ्यातली, आमच्याकडेही हेच झालं. पाखाडी बिघडली की एक चिरा काढून दुसरा बसवायचा, अर्ध्या दिवसाचं काम. सिमेंट फुटलं की ते तसंच फुटकं राहतं. रातांबाताई, म्हणून मी तुम्हाला काँक्रीट करू नका असं सांगणार आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत कठीण होतो. पाणी आत मुरवतो, उन्हात तापत नाही. आजोबांच्या पायऱ्या किती वर्षं टिकल्या?

रातांबा

साधारण पन्नास वर्षं.

चिरेबंदी

बघा. काँक्रीटला पन्नास वर्षं मागा!

काजूगर

चिरेबंदी, तुमच्याशी भांडण नाही, आमचं सगळं घर चिऱ्याचं आहे. पण जांभ्याची कड झिजते. मधोमध पाऊल पडून पडून तिथे वाटीसारखा खळगा होतो, त्यात पाणी साचतं, त्यात शेवाळ. आई घसरल्या त्या अशाच खळग्यावर असतील.

रातांबा

हो, अगदी तसंच. तिसऱ्या चिऱ्यावर. पावसात त्यात हिरवं पाणी असायचं.

कनकेश्वर_पायथा

अलिबागजवळ कनकेश्वराला सातशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत, काळ्या दगडाच्या. लहानपणापासून चढतोय. झिजल्यात, पण त्यावर पाय बसतो. पायऱ्यांच्या मधे टप्पे आहेत, दम घ्यायला. रातांबाताई, नऊ चढांना टप्प्याची गरज नाही, पण मधे कुठेतरी बाजूला टेकायला एक चिरा उभा बसवा. भाजीची पिशवी ठेवायला, आईंना उभं राहायला उपयोगी पडेल.

सागवेळ

सामानाचा हिशोब करून ठेवला, ज्यांना लागेल त्यांनी घ्या. पायऱ्यांचे आठ त्रिकोण मिळून 0.24 घनमीटर. त्यांच्या खालची 12 सेंमी जाडीची तिरकी बैठक 0.42. पायथ्याचा ठोकळा 0.24. एकूण 0.9 घनमीटर.

एम 20 साठी एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. घनमीटरला साधारण आठ गोणी सिमेंट, म्हणजे तुम्हाला सव्वासात. हाताने कालवणार तर सिमेंट दहा टक्के जास्त धरायची पद्धत आहे, म्हणून आठ गोणी आणा. वाळू 14 घनफूट, 20 मिमी खडी 27 घनफूट. ब्रासमध्ये (100 घनफूट) मागितलीत तर डोंगर येऊन पडेल.

50 किलोची गोणी म्हणजे 35 लिटर. फळ्यांचा एक खोका करा: आतून 40 सेंमी लांब, 35 रुंद, 25 उंच. तो भरला की बरोबर 35 लिटर. एका गोणीला दीड खोका वाळू, तीन खोके खडी. घमेल्याने मोजू नका, प्रत्येकाचं घमेलं वेगळं भरतं. पाणी गोणीला जास्तीत जास्त 25 लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी.

देवगडहून

पाण्याचं ठळक करा, सागवेळ. माल घट्ट वाटला की हात आपोआप बादलीकडे जातो.

ओळंबा

हो, आणि तिथेच काम बिघडतं. पातळ माल पायरीच्या फळीखालून पळतो आणि सुकल्यावर वर नुसती सिमेंटची साय राहते. मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि बोटांवर ओल यावी, एवढंच पाणी.

ओतताना खालून वर जायचं. प्रत्येक पायरीत सळईने खोचत खोचत माल बसवायचा, विशेषतः फळीच्या कडेला, नाहीतर फळी काढल्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. फळ्यांना आतून तेल लावा. कडेला आतल्या बाजूने त्रिकोणी पट्टी ठोका, म्हणजे पायरीची धार तासलेली निघेल. धारदार कड पहिल्या नारळाने उडते.

माडाखालचा

ओळंबादादांनी नारळाचं सांगितलं म्हणून लिहितो. आमच्या पायऱ्यांच्या थेट वर दोन माड आहेत. पहिल्याच वर्षी एक सुकलेला नारळ रात्री पडला तो पाचव्या पायरीच्या कडेवर. पहाटे बघितलं तर तळहाताएवढा तुकडा उडून चौथ्या पायरीवर पडलेला. सिमेंट लावून डकवला, टिकला नाही. मग ती कड दोन इंच मागे कापून नव्याने भरली.

गवळदेव

आठ गोणी माल दोन माणसं एका दिवसात हाताने कालवतील असं मला वाटत नाही. भर उन्हात तर नाहीच. दोन-दोन पायऱ्या रोज करा. जुने लोक तसंच करायचे. खालची ओतायची, दुसऱ्या दिवशी वरची तिच्या मागच्या कडेवर दहा सेंमी चढवून ओतायची.

सागवेळ

जमेल, पण प्रत्येक सांध्याशी पाण्याला वाट मिळते. सांधा खरवडून, धुऊन, सिमेंटचं पाणी मारूनच पुढचा माल टाकावा लागेल. त्यापेक्षा छोटा मिक्सर एका दिवसाच्या भाड्याने मिळाला तर बघा.

गवळदेव

भाड्यापेक्षा तो उतारावर चढवायचा खर्च जास्त होतो आमच्याकडे.

काजूगर

मला वाटतं शेजाऱ्यांना हाक मारा. पायऱ्या ओतायच्या दिवशी आमच्या वाडीत सहा माणसं आली होती. कोणालाही मजुरी दिली नाही. घावणे, नारळाचा रस आणि चहा.

चिरेबंदी

काजूगर, तारीख कळवत जा, एवढ्यासाठी मी अलिबागहूनही येईन!

वेंगुर्ल्याचो

फिनिशिंगाचा सांग कोणतरी. गुळगुळीत करतले आणि पावसात पडतले.

ओळंबा

काका, तेच लिहायला बसलो होतो. लोकांना पायरी आरशासारखी हवी असते. गवंडीही वर कोरडं सिमेंट भुरभुरून घोटतो, दिसायला छान. पावसाळ्यात त्यावर शेवाळाचा पातळ थर आला की बर्फ बरा. आणि ते भुरभुरलेलं सिमेंट पुढे पापुद्र्याने निघतं.

माल बसवला की लाकडी रंध्याने सपाट करा आणि हात काढून घ्या. वर पाणी येतं, ते जिरेपर्यंत थांबा. बोट दाबलं तर ठसा उमटतो पण बोटाला माल चिकटत नाही, अशी वेळ आली की हिराचा खराटा घ्या. नवा नको, वापरून टोकं बोथट झालेला. पायरीच्या लांबीला समांतर, एका दमात डावीकडून उजवीकडे ओढा. पाऊल पुढे पडतं त्याला या रेघा आडव्या येतात म्हणून पाय धरतो. दोनदा ओढू नका, माल उकरतो.

पोफळीच्या बागेतून

आणि पुढे शेवाळ आलंच तर ब्लीचिंग पावडरचं पाणी टाकून काथ्याने घासायचं. सोडणाचा (नारळाच्या सालीचा) तुकडा हातात घट्ट बसतो, तारेच्या ब्रशपेक्षा बरा. कडेच्या झाडांच्या बुंध्यात मात्र ते पाणी जाऊ देऊ नका.

सागवेळ

दुसऱ्या दिवशी उभ्या फळ्या काढता येतील. पण पाणी मारणं किमान दहा दिवस. आपल्याकडे हल्ली बहुतेक गोण्या पीपीसीच्या (राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटच्या) असतात, त्याला साध्या सिमेंटच्या सात दिवसांपेक्षा जास्त दिवस लागतात. पायऱ्यांवर पाणी थांबत नाही, म्हणून गोणपाट किंवा भाताचा पेंढा पसरून तो सतत ओला ठेवा. मे महिन्यात दुपारी एकदा तरी सुकतो, तेव्हा विसरू नका.

मीठगर

कठड्याबद्दल: साधा पाईप लावून रंगवलात तर दर वर्षी गंज. स्टेनलेस 304 सुद्धा आमच्याकडे समुद्राच्या हवेने चहाच्या डागांसारखा तांबूस होतो. 316 टिकतो पण महाग. आईंसाठी हाताला धरायला 90 सेंमी उंचीवर काहीतरी हवंच. आम्ही चिऱ्याचे खांब उभे करून त्यांतून बांबू घातलाय. तीन वर्षांनी बांबू बदलतो.

रातांबा (20 मे)

मंडळी, पायऱ्या झाल्या. तुम्हाला सगळं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जुने चिरे काढले तेव्हा कारण सापडलं. तिसऱ्या चिऱ्याखाली घुशीचं बीळ होतं, भावाचा हात कोपरापर्यंत आत गेला. ते खळ्याखालून आडवं गेलेलं होतं आणि आतली माती ओलसर, धुतलेली, नुसते खडे उरलेले. म्हणजे खळ्याचं पाणी वर्षानुवर्षं त्या बिळातून पायऱ्यांच्या पोटात जात होतं. वेंगुर्ल्याच्या काकांनी ओघळ बघायला सांगितलं नसतं तर आम्ही वरच्या वर ओतून मोकळे झालो असतो. वरचा सगळा भराव उकरला. पावणेतीन फुटांवर मुरूम लागला. डबर ठोकण्यात चार दिवस गेले, हातांना फोड आले.

ओतायला काजूगर यांचा सल्ला घेतला. वाडीतले पाच जण आले. पहाटे साडेपाचला सुरुवात केली, साडेअकराला शेवटचं घमेलं. साडेसात गोणी लागल्या. एक चूक झाली: पाचव्या पायरीच्या फळीची खुंटी हलली आणि पायरी मधोमध दीड सेंमी फुगली. दुसऱ्या दिवशी फळी काढल्यावर दिसलं. माल कच्चा होता तोवरच छिन्नीने तासून सरळ केलं, तरी हात लावला की ती जागा कळते.

चिरेबंदी, तुमचं मनावर घेतलं. पायऱ्या काँक्रीटच्या केल्या, पण दोन्ही बाजूंच्या पाळी आजोबांच्याच चिऱ्यांच्या. खळगा पडलेला तिसरा चिरा मधल्या पायरीच्या बाजूला उभा बसवलाय, टेकायला.

चिरेबंदी

वाचून फार बरं वाटलं ताई. खळगा वर ठेवलात की बाजूला?

रातांबा

वर. चिमण्या त्यात पाणी पितात.

खळ्यातली

फार सुंदर काम केलंत.

सागवेळ

दीड सेंमीची फुगी उभ्या बाजूला आहे ना? चालताना त्रास नाही. चढ सगळे मोजलेत?

रातांबा

मोजले. सगळ्यात कमी 14.8, सगळ्यात जास्त 15.2.

ओळंबा

ताई, हे माप माझ्या हाताखालच्या पोरांना दाखवणार आहे.

रातांबा (28 जून)

गेले दहा दिवस झोडपतोय. काल रात्री तर दिवे गेले होते आणि पन्हळीतून पाणी दोरखंडासारखं पडत होतं. पहाटे कंदील घेऊन बघायला गेले. आडवी नाली काठोकाठ भरून वाहत होती, तांबडं पाणी पाटातून थेट रस्त्याच्या गटारात. पायऱ्यांवर नुसता पावसाचा थेंब. सर्वात खालच्या पायरीच्या डांबरी कागदाशीही काही हललेलं नाही.

आज सकाळी पाऊस थांबल्यावर आई उतरली. एका हातात छत्री, दुसरा बांबूवर. उतरताना मोठ्याने पायऱ्या मोजत होती. खाली पोचल्यावर वर बघून म्हणाली, "नऊच आहेत गं." आणि देवळाकडे चालू लागली.

एक शंका: फणसाच्या सावलीतल्या दोन पायऱ्या आत्ताच हिरवट दिसायला लागल्यात. ब्लीचिंग आत्ता टाकू का?

पोफळीच्या बागेतून

पावसात टाकलंत तर वाहून फणसाच्या मुळाशी जाईल. एक दिवस उघडीप मिळाली की नुसत्या सोडणाने घासा. ब्लीचिंग पाऊस ओसरल्यावर. फणसाची एखादी खालची फांदी काढलीत तर ऊनही पडेल.

ओळंबा

आणि घासताना खराट्याच्या रेघांच्याच दिशेने घासा, आडवंतिडवं नको. नारळ उतरवायचे असतील तेव्हा पायऱ्यांवर भाताच्या पेंढ्याची दोन पोती टाकून ठेवा.